राखीव गड्याचे मोल

माझा एक भाचा गेली बरीच वर्षे अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराजवळ राहतो. दिवाळीत त्याचा फोन येतो तेव्हा चकल्या-करंज्यांची चौकशी पाच मिनिटांत आटपते आणि मग तो आपल्या आवडत्या फुटबॉलकडे वळतो. त्यातले मला फारसे कळत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण न कळणारा श्रोता मधे बोलत नाही, एवढा फायदा त्याने हेरलेला असावा. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र सणवार नसताना त्याचा फोन आला. स्वर चिडका होता.

"मामा, मुलांना गुण देण्यात तुमची निम्मी हयात गेली. तेव्हा तुम्हीच सांगा. जो गडी अर्धा वेळ मैदानाच्या कडेला उभा असतो, त्याला वर्षाला दोन कोटी साठ लाख डॉलर देणे हा शहाणपणा आहे का?"

मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. सव्वादोनशे कोटींच्या आसपास. एवढ्या रकमेपुढे शाळामास्तराला शहाणपण आणि वेडेपण यांतला भेद दिसेनासा होतो. "विचार करून सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. तो विचार अजून पुरता झालेला नाही. जेवढा झाला तेवढा इथे मांडतो.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात चिखलात पोरे खेळतात तो नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. त्यांतले दणकट गडी एकमेकांसमोर ओणवे होऊन जमिनीला हात टेकतात. चेंडू मागे सरकवला की चार-सहा सेकंद प्रचंड रेटारेटी होते, शिट्टी वाजते, आणि पुन्हा सारे आपापल्या जागी. चढाई करणाऱ्या बाजूचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहून चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवतो. त्याला ठरवायला सवड मिळू नये म्हणून समोरची भिंत फोडून त्याच्यावर धावून जाणे, आणि भिंत फुटली नाही तर निदान तिच्यातल्या दोघांना आपल्या अंगावर गुंतवून ठेवणे, हे बचावाच्या पहिल्या फळीचे काम. ह्या फळीतल्या मधल्या गड्याचे वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे एकशेपस्तीस किलोंच्या आसपास असते. एवढा देह पुन्हा पुन्हा गोफणीतल्या धोंड्यासारखा पुढे लोटायचा म्हणजे दम कितीसा टिकणार? म्हणून फळीत जागा चारच असल्या तरी चांगला संघ सात-आठ माणसे पदरी बाळगतो आणि त्यांना आळीपाळीने आत-बाहेर करतो. पहिले चौघे मानाचे. बाकीचे राखीव.

भाच्याचा राग ज्याच्यावर होता तो मिल्टन विल्यम्स असाच. २०२१ साली नव्या खेळाडूंची वाटणी झाली तेव्हा फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले; त्याच्या आधी बहात्तर जणांची नावे पुकारून झाली होती. त्या रात्री संघाच्या खोलीत सारे एकमेकांचे अभिनंदन करीत असताना एका ज्येष्ठ सल्लागाराचा चेहरा मात्र उतरलेला होता, आणि दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने तो साऱ्या देशाला दाखवला. म्हणजे ह्या मुलाच्या किमतीविषयीचा वाद पहिल्या दिवसापासूनचा. पुढे संघाने त्याच्याच जागेसाठी २०२२ मध्ये जॉर्डन डेव्हिस आणि २०२३ मध्ये जेलन कार्टर असे दोन गडी पहिल्या फेरीत घेतले. घरात धाकट्या सुना याव्यात आणि थोरलीने मुकाट्याने पाट सरकवून बसावे, तसे विल्यम्सचे झाले. २०२४ च्या हंगामात बचावाच्या जवळजवळ निम्म्याच डावांत तो मैदानावर होता.

मग ९ फेब्रुवारी २०२५ चा दिवस उजाडला. न्यू ऑर्लिन्स शहरात अंतिम सामना. समोर लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरलेला कॅन्सस सिटीचा संघ आणि पॅट्रिक माहोम्स हा त्या काळातला सर्वांत धोरणी क्वार्टरबॅक. ईगल्सनी पहिल्या फळीच्या मदतीला मागची माणसे पाठवलीच नाहीत. त्या चौघांवरच सारा भार टाकला. माहोम्सला सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर आणले गेले. त्यांतले दोन वेळचे श्रेय विल्यम्सचे, आणि एकदा तर त्याने चेंडू हिसकावून स्वतःच उचललाही. ईगल्स ४०-२२ असे जिंकले. भाचा त्या रात्री रस्त्यावर नाचला होता असे त्याच्या बायकोने मला सांगितले. आणि पुढच्याच महिन्यात न्यू इंग्लंड पेट्रिअट्स ह्या संघाने, ज्याने आदल्या हंगामात सतरांपैकी चारच सामने जिंकले होते, विल्यम्सला चार वर्षांसाठी दहा कोटी चाळीस लाख डॉलरचा करार देऊन उचलून नेले.

तेव्हा भाच्याच्या चिडण्यात दोन राग एकत्र होते: राखीव गड्याला एवढे पैसे दिले हा एक, आणि ते आपल्या संघाने दिले नाहीत हा दुसरा. प्रेमात असे होतेच.

परंतु त्याच्या प्रश्नातही एकाहून अधिक प्रश्न मिसळलेले आहेत, हे मला हळूहळू दिसू लागले. "तो एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे का?" असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला नेमके काय विचारायचे असते? त्याने केलेल्या कामाचे हे बक्षीस आहे का? तो पुढे करील त्या कामाची ही आगाऊ किंमत आहे का? की हा माणूस म्हणून केवढा, त्याचे हे माप आहे? तिन्हींची उत्तरे वेगळी येतील. पण रक्कम एकच असल्यामुळे आपण तिन्ही प्रश्न एकाच तागडीत टाकतो.

यातला किमतीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, आणि त्याचे उत्तर खेळापेक्षा वाण्याच्या दुकानात अधिक लवकर सापडते. तिकडे प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. १९९४ साली ती प्रथम घातली तेव्हा तीन कोटी शेहेचाळीस लाख डॉलरची होती; २०२५ साली सत्तावीस कोटी ब्याण्णव लाख झाली. त्या मर्यादेत मुख्य यादीतल्या त्रेपन्न माणसांचे भागवायचे. पेट्रिअट्सच्या भांड्यात त्या वर्षी पुष्कळ शिल्लक होते आणि फळी दुबळी होती. ईगल्सच्या भांड्यात वाटेकरी फार होते. बाजारात त्या वजनाचा, त्या वयाचा, मोकळा माणूस दुसरा मिळणे कठीण. सणाच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव चढतो तसा हा भाव चढला. झेंडू तोच असतो. इथे कुणी कुणाला फसवले नाही, आणि विल्यम्सने ती रक्कम घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र भांडे एकच असल्यामुळे एकाला वाढलेला प्रत्येक डाव दुसऱ्याच्या पानातून कमी होतो, एवढे लक्षात ठेवायचे. किमान वेतनावर खेळणारा नवखा गडी २०२५ साली आठ लाख चाळीस हजार डॉलर मिळवीत होता. आपल्या दृष्टीने तोही कुबेरच. पण एकाच मैदानावर, तितकाच घाम गाळणाऱ्या दोघांत तीसपट अंतर आहे, हे काही कुबेरांच्या घरातले भांडण म्हणून सोडून देता येत नाही.

बक्षिसाचा प्रश्न अधिक अवघड. बक्षीस द्यायचे तर काम मोजता आले पाहिजे, आणि ह्या फळीचे काम मोजायचे कसे? क्वार्टरबॅकला पाडण्याला तिकडे 'सॅक' म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला तो डीकन जोन्स १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या संघातून खेळत असे. त्याच्या फळीतल्या चौघांची नावे प्रतिस्पर्धी धसक्याने घेत. पण गंमत अशी, की ह्या कामगिरीची अधिकृत नोंद ठेवायला १९८२ साली सुरुवात झाली, आणि तोवर जोन्स निवृत्त होऊन गेला होता. जुने कागद आणि चित्रफिती धुंडाळून संशोधकांनी केलेला हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या नावावर साडेएकशेत्र्याहत्तर निघाले. जोन्स २०१३ मध्येच वारला होता.

बरे, सॅक तरी मोजले गेले. फळीतल्या मधल्या माणसाने दोन पहाडांना छातीवर झेलून धरले आणि त्या फटीतून मागचा गडी येऊन टाळ्या घेऊन गेला, तर वहीत नाव कुणाचे? टाळ्यावाल्याचे. अलीकडे प्रत्येक डावाची चित्रफीत पाहून प्रत्येक खेळाडूला गुण देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. हे ऐकून मला आधी आनंद झाला, कारण माझ्याच धंद्यातली ती माणसे. मग शंका आली. उत्तरपत्रिका तपासताना निदान प्रश्नपत्रिका माझ्यासमोर असते. त्या गुण देणाऱ्याला हे कुठे ठाऊक असते, की त्या डावात प्रशिक्षकाने गड्याला काय सांगितले होते? 'पुढे जा' सांगितले होते की 'जागेवरून हलू नकोस'? जागेवर उभा राहिलेला माणूस चित्रफितीत निव्वळ उभा राहिलेला दिसतो.

आणि राखीव गड्याचे तर विचारूच नका. त्याचे अर्धे काम मैदानावर दिसतच नाही. तिकडे मुख्य त्रेपन्न जणांखेरीज सोळा सरावाचे गडी प्रत्येक संघ ठेवतो. येत्या रविवारी ज्या संघाशी गाठ आहे त्याच्या नामांकित खेळाडूंची सोंगे आठवडाभर आणणे, आणि आपल्या मुख्य गड्यांकडून धक्के खात त्यांना तयार करणे, हे त्यांचे काम. रविवारी जय मिळतो. सोंगाड्या कडेला साध्या कपड्यांत उभा असतो.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची नाही असे ठरवून मी हा लेख लिहायला बसलो होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा कबड्डी संघ जिल्ह्यापर्यंत गेला. संघ माझ्याकडे होता. बारा मुले, सात खेळणारी, पाच राखीव. गावातल्या एका व्यापाऱ्याने खूश होऊन सात हजार रुपये दिले आणि "मास्तर, पोरांना वाटा" म्हणाला. सात हजार, सात मुले. भागाकार इतका सरळ होता की मी विचारच केला नाही. राखीव पाचांत एक सडपातळ मुलगा होता. जिल्ह्याच्या सामन्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी मी त्याला चढाईला पाठवीत असे आणि आमचे कोपऱ्यातले दोघे त्याच्यावर पकडीचा सराव करीत. त्याची दोन्ही ढोपरे सोललेली असत. ज्या पकडींवर आम्ही जिंकलो त्या त्याच्या अंगावर घडल्या होत्या. पैसे वाटले तेव्हा तो मागे उभा राहून टाळ्या वाजवीत होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. मला वाटले, वाटणीविषयी काही बोलेल. तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी सरावाला येऊ ना?"

मी "ये की" म्हणालो. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता.

अमेरिकेतल्याच एका विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघा तत्त्वज्ञांनी ह्या वाटणीच्या प्रश्नावर मोठा वाद घातला आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात म्हटले, की जन्मतः मिळालेली शक्ती ही कुणाची कमाई नव्हे. म्हणून तिच्या जोरावर मिळालेल्या साऱ्या फळावर आपला नैतिक हक्क आहे असे कुणी समजू नये. १९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक यांनी उत्तर दिले, तेही एका खेळाडूचे उदाहरण घेऊन: विल्ट चेंबरलेन ह्या बास्केटबॉलपटूला पाहण्यासाठी लोक आपल्या खुशीने तिकिटामागे पाव डॉलर जादा देत असतील आणि तो श्रीमंत होत असेल, तर त्यात अन्याय कुठे झाला? उत्तर बिनतोड वाटते. पण माझ्या मनात एक वेडी शंका येते. चेंबरलेनला पाहायला लोक गेले असतील. राखीव गड्याला पाहायला तिकीट कोण काढतो? त्याच्या नावाने पाव डॉलरही कुणी वेगळा काढलेला नसतो. लोक सामन्याला पैसे देतात, आणि सामना उभा राहतो तो त्याच्यासारख्यांच्याही खांद्यांवर. तेव्हा नोझिकसाहेबांचा न्याय नायकापाशी थांबतो. फळीतल्या माणसापर्यंत तो पोचत नाही. रॉल्स यांचे म्हणणे मला अधिक पटते, पण पुरते नाही. मेहनत करण्याची वृत्तीदेखील घर आणि परिस्थिती यांचे देणे आहे, इथवर ते जातात. विल्यम्सचे एकशेतीस किलो हे देवाचे देणे असेल, कबूल. परंतु आपल्या जागेवर दोन नवे गडी आणून बसवल्यावर, कुढत न बसता, बोलावणे येईल त्या क्षणी तयार असणे हेही जर त्याचे नसेल, तर मग माणसाचे म्हणून उरते काय?

करार हा शब्दही जरा तपासून घ्यावा असा आहे. आपल्याकडे करार म्हणजे दिलेला शब्द. तिकडच्या ह्या चार वर्षांच्या करारातले दहा कोटी चाळीस लाख हे जाहिरातीचे; हमखास मिळणार ते सहा कोटी तीस लाख. हमीची मुदत संपली की संघ त्याला मोकळा करू शकतो, तो मात्र संघाला मोकळा करू शकत नाही. वाईट खेळला म्हणून संघाने करार मोडला तर लोक त्याला व्यवहार म्हणतात. चांगला खेळला म्हणून गडी वाढीव मागू लागला तर तोच मनुष्य लोभी ठरतो. एकाच दोराचे एक टोक रेशमाचे आणि दुसरे काथ्याचे. दरवर्षी ऑगस्टअखेरीस प्रत्येक संघ नव्वदांतून त्रेपन्न निवडतो. बत्तीस संघ धरले तर हजाराहून अधिक तरुण काही तासांत यादीबाहेर जातात. ज्या माणसाला हा निरोप सांगायला पाठवतात त्याला खेळाडूंनी 'तुर्क' असे नाव ठेवले आहे. तो दारात येऊन म्हणे एवढेच सांगतो: साहेबांनी बोलावले आहे, डावांची वही बरोबर आण. वही परत घेतली की संपले. राखीव गडी ज्या भयात जगतो ते मला कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा ह्या वहीवरून अधिक कळले.

बायबलात एक दृष्टांत आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे काही मजूर ठरवतो, पुन्हा नऊला, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, आणि अगदी दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी काहींना घेऊन येतो. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेचे लोक कुरकुरतात. ह्याच दृष्टांतातून रस्किनने आपल्या पुस्तकाचे नाव घेतले. ते पुस्तक गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले, आणि १९०८ मध्ये त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' ह्या नावाने दिला. मी हा दृष्टांत लहानपणी ऐकला तेव्हा पहाटेच्या मजुरांच्या बाजूचा होतो. आता शाळेत जाताना वाटेत मजुरांचा नाका लागतो. सकाळी दहा वाजून गेल्यावरही डबा घेऊन तिथे उभी असलेली माणसे पाहिली, की कळते, शेवटच्या तासाचे मजूरही दिवसभर बाजारात उभेच होते. उभे राहण्याचीही मजुरी असते. ती कुणी धरीत नाही एवढेच.

आणि नवल असे, की त्या अमेरिकन खेळात, जिथे माणसाच्या प्रत्येक स्नायूला दर आहे, तिथेच हा द्राक्षमळा मला सापडला. हंगामभर ज्याचा त्याचा पगार वेगळा. पण बाद फेरीच्या सामन्यांचे मानधन पगारावर ठरत नाही. २०२५ च्या त्या अंतिम सामन्यात विजयी संघाच्या यादीत पुरता काळ असलेल्या प्रत्येकाला एक लाख एकाहत्तर हजार डॉलर, पराभूत संघातल्या प्रत्येकाला शहाण्णव हजार. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याचा करार पाच वर्षांना साडेपंचवीस कोटी डॉलरचा. त्यालाही त्या दिवसाचे तेवढेच. विल्यम्सलाही तेवढेच. किमान वेतनावरच्या कडेच्या पोरालाही तेवढेच. सर्वांत मोठ्या दिवशी हे बाजारबुणगे लोक भाव विसरून सारखे पान वाढतात! त्यांनी हे कुठल्या तत्त्वज्ञानाने ठरवले मला माहीत नाही. बहुधा खेळाडूंच्या संघटनेशी घासाघीस करताना सर्वांत कमी भांडणाचा तोडगा म्हणून निघाले असावे. न्याय पुष्कळदा अशाच दाराने घरात येतो.

हे सगळे मी पुढे भाच्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, म्हणजे मधून मधून "हं" केले.

"ते सगळं ठीक आहे मामा," तो म्हणाला, "पण दोन कोटी साठ लाख योग्य की अयोग्य?"

"बाजाराला योग्य वाटले, त्याने घेतले. मी त्याला त्यावरून गुण देणार नाही. तुमच्या संघाचे काय झाले ते सांग. त्याच्या जागी कोण आले?"

"मोरो ओजोमो." त्याचा आवाज एकदम खुलला. "सातव्या फेरीत घेतलेला पोरगा. नायजेरियात जन्मलेला. विल्यम्सच्या मागे दोन वर्षं उभा होता. काय खेळतोय, मामा!"

"आणि आता ओजोमोच्या मागे कोण उभा आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग कागद चाळल्याचा की बोटांनी काही टिचकावल्याचा आवाज आला.

"थांबा मामा," तो म्हणाला, "बघून सांगतो."